खारावलेली जीभ

एक एप्रिलला मृणालीनं कामावर हजर व्हायचं हे ठरवलं ते तिच्या सासूनं, बायजाबाईनं. मृणालीनं नव्हे, आणि तिच्या नवऱ्यानं तर नव्हेच. कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी मृणालीनं ते उभ्यानंच दोनदा वाचलं, घडी घातली आणि देवाच्या फळीवर उदबत्तीच्या पुड्याखाली सरकवून दिलं. बिनपगारी रजेचे तीन महिने संपत आले होते. एक तारखेला हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा, एवढाच त्यातला मजकूर. सासूनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बघू."

बायजाबाईला त्या शब्दाची धास्ती होती. आयुष्यात तिनं स्वतःही तो एकदाच म्हटला होता आणि त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती.

पेण तालुक्याच्या खारेपाटातलं हे गाव, तीन बाजूंनी खाडी आणि एका बाजूनं रस्ता. बायजाबाई इथं लग्न होऊन आली तेव्हा घरातून बाहेर पाऊल टाकलं की मिठागर लागायचं. चैत्र-वैशाखात मिठाच्या राशी अशा पांढऱ्याफेक पडायच्या, की दुपारी तिकडे बघवत नसे. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून पाट्या वाहायच्या. पायांना चिरा पडायच्या आणि त्या चिरांत मीठ जायचं, तरी गाणी चालूच. आता ती मिठागरं गेली. बांध फुटले, ते कुणी बांधले नाहीत, आत तिवरांची झाडी माजली. पण त्या वेळची माणसं अजून ओळखू येतात. तळपाय बघावे, नाहीतर त्यांच्या हातचं कालवण खावं. मीठ नेहमी चिमूटभर जास्तच. मिठागरावर जन्म काढलेल्याच्या जिभेला खारट कळत नाही, असं गावात चेष्टेनं म्हणतात. नव्या सुनांना ते पहिल्या आठवड्यातच समजतं.

बायजाबाईचा नवरा जनू हा त्या मिठागरावरचा नाणावलेला माणूस. कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, पाणी जिभेच्या टोकावर घेऊन तो सांगायचा, मीठ किती दिवसांत धरेल. मृणाली लग्न होऊन आली, ती रोह्याची, बी.एस्सी. झालेली, तिथल्याच एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कायम नोकरीवर. लॅबमध्ये काय करतात ते तिनं सासूला समजावून सांगितलं होतं. माल तयार होताना मधून मधून थोडा काढून आणतात, तो तपासायचा, त्यात काय किती आहे ते लिहून द्यायचं. एक थेंब इकडचा तिकडे झाला तर सगळं पुन्हा. बायजाबाईनं ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी आमचे हे पन लॅबवालेच व्हते." त्या दिवशी जनूसुद्धा हसला होता.

दत्तजयंतीच्या आठवड्यात जनू ओसरीवर बसल्या जागी कलंडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शब्द सगळे गेले आणि एक शिवी तेवढी राहिली, मुकादमाला घालायचा ती. पाणी हवं असलं तरी तीच, कूस बदलायची असली तरी तीच. डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडंही थकली आहेत, मिठाचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये. पेज द्या, मऊ भात द्या, सगळं अळणी. मिथुन, त्यांचा मुलगा, नागोठण्याकडे एका ठेकेदाराच्या हाताखाली शिफ्टमध्ये काम करायचा. एक दिवस गेला नाही तर त्याच्या जागी दुसरा उभा. म्हणून रजा मृणालीनं घेतली. याबद्दल घरात बोलणं असं झालंच नाही. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. दवाखान्याच्या बाकावर तिनं फोन काढला आणि ऑफिसला कळवलं, एवढंच. आधी हक्काच्या रजा गेल्या, मग बिनपगारी.

मधे पेणहून एक बाई ठेवून पाहिली. चार दिवस आली. पाचव्या दिवशी तिनं निरोप पाठवला, की म्हाताऱ्याचं करायला माझी ना नाही, पण तुमच्याकडे पाणीच नाही.

खरंच होतं. गावात नळ होते, पण नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी यायचं, कधी आठ दिवसांनी, आणि कुठल्या वेळी येईल ते पाणी सोडणाऱ्यालाच ठाऊक. आलं की अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात पिंपं भरली तर भरली. बाकी धुण्याभांड्याला बोअरिंग होतं, त्याचं पाणी मचूळ. ना धड खारं, ना गोडं. घरोघरी एक बाई पाण्यासाठी घरात असायचीच. ज्या घरात ती नसे, त्या घराला लोक नावं ठेवत.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी बायजाबाईनं सुनेला सांगून टाकलं, "तू जा. मी हाय ना. यांचा आजवर मीच केला, आता काय नवीन हाय?"

"आई, तुमचे गुडघे."

"गुडघे माझे हायत, तुझे नायत."

 तेव्हा बायजाबाईनं तिला धोंडुबाईची गोष्ट सांगितली. धोंडुबाईला सगळं गाव 'बाई' म्हणतं. ती अंगणवाडीची सेविका म्हणून निवृत्त झाली. अजून मिशा आलेले बाप्ये वाटेत तिला वाकून नमस्कार करतात. ती बालवाडी आधी बायजाबाईची होती. सातवी पास झालेली गावात ती एकटी सून, म्हणून तिला नेमलं होतं. शाळेच्या ओट्यावर वीस-पंचवीस पोरं, लाकडी ठोकळ्यांची एक पेटी, एक हजेरीबुक. तीन वर्षं चालवली. मग एका पावसाळ्यात बांधाला खांड पडली, भातखाचरांत खारं पाणी शिरलं, त्यातच सासूची दृष्टी गेली. सासरे म्हणाले, यंदाच्या वर्षी थांब. ती म्हणाली, बघू. पेटी आणि बुक धोंडूकडे दिलं, दिवाळीपर्यंत म्हणून.

"बाहेर जायला बंदी नव्हती गो," बायजाबाई म्हणाली. "शिमगा झाल्यावर मिठागरावर पाट्या वाहायला चालत व्हता. त्याला कोनी नाय म्हनला नाय. शालेच्या ओट्यावर सावलीत बसायला तेवढा नाय जमला."

मार्चचा शेवटचा पंधरवडा बायजाबाईनं सगळं एकटीनं करून दाखवलं. मृणाली घरात असून तिला हात लावू दिला नाही. जनूला कुशीवर वळवणं, पुसणं, चादर काढणं, चमच्यानं पेज भरवणं, औषधांच्या डब्या. शेजारी तिची जाऊ काशीबाई राहायची. तिनं कुडावरून बघितलं आणि म्हणाली, "सून मॅडम झाली, सासू आया झाली."

"तुझी सून घरातच हाय," बायजाबाईनं उत्तर दिलं, "तरी भांडी तूच घासतेस गो."

काशीबाई आत गेली, पण तिचं तोंड काही बंद झालं नाही. लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा हलायच्या वयात ही बसच्या मागे धावणार, आणि म्हातारीच्या जिवावर म्हातारा टाकून जाणार. हे तिनं बोअरिंगवर, दुकानात, हळदीच्या मांडवात, जिथं माणसं भेटतील तिथं सांगितलं. बायजाबाईच्या कानावर ते येतच होतं. तिनं मनाशी गाठ मारली, की या बाईकडे काही मागायला जायचं नाही. मागितलं की संध्याकाळी गावभर, आणि गावभर झालं की मृणाली घरी बसणार.

एक तारखेला मृणाली पहाटेच्या रिक्षानं पेणला गेली. तिथून रोह्याची कंपनीची बस. संध्याकाळी आली तेव्हा थकलेली होती, पण चालताना पाय वेगळा पडत होता. हातपाय धुऊन ती सासऱ्यांजवळ बसली आणि त्यांना सांगत राहिली, की तिचं टेबल तसंच होतं, फक्त तिचा स्टूल कुणीतरी पळवला होता, तो तिनं भांडून परत आणला. जनूनं तिला ती शिवी घातली. दोघं हसली. बायजाबाई चुलीपाशी पाठमोरी होती. डोळ्यांना पदर लावायला धूर बरा पडला.

पाच तारखेला पाणी आलं. दुपारचे सव्वादोन. बायजाबाईला गल्लीतला गलका ऐकू आला, बादल्यांचे आवाज आले, पण जनू नेमका तेव्हाच घाण झाला होता आणि तिनं त्याला एका कुशीवर धरून ठेवला होता. सोडला असता तर पालथा पडला असता. पुसून, चादर काढून, त्याला उशा लावून ती नळावर पोचली तेव्हा नळ फुरफुरत होता. अर्धी कळशी मिळाली. गुडघ्यांत कळ उठत होती. ती तिथंच पायरीवर बसली आणि मनात हिशेब केला: माठ भरलेला आहे, पिंपात वीतभर आहे, दोन दिवस जातील. पुढचं पाणी पाच दिवसांनी.

संध्याकाळी मृणालीनं विचारलं, "पाणी आलं होतं का?"

"आलता की," बायजाबाई म्हणाली.

ते खोटं नव्हतं. मृणालीनं पुढं विचारलं नाही, कारण त्या दिवशी तिला लॅबमध्ये नव्या मुलीला काम शिकवायला दिलं होतं आणि ती त्याच धुंदीत होती.

तिसऱ्या दिवशी पिंपाचा तळ लागला. माठात होतं ते बायजाबाईनं दोघा कामावर जाणाऱ्यांसाठी राखलं. त्यांच्या बाटल्या त्यातून, त्यांचा भात-आमटी त्यातून. आपल्याला आणि जनूला बोअरिंगचं. तिनं ते फडक्यातून गाळलं, चांगलं उकळलं, निवू दिलं. थोडं जिभेवर घेऊन बघितलं. तिला ते नुसतं पाणी लागलं. मचूळ पाणी उकळलं की दोष जातो असं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं, आणि लहानपणी सगळा उन्हाळा ते पाणी पिऊनच काढला होता. त्यात पेज शिजवली. पेजेतही जीभ बुडवून बघितली, वर मीठ पडलं तर नाही ना म्हणून. अळणीच वाटली. तीच पेज तिनं जनूला सकाळ, दुपार, संध्याकाळ भरवली, आणि मधे तहानेला तेच पाणी. पुढचं पाणी पाच दिवसांनी यायचं ते आलं नाही. कुठं तरी जलवाहिनी फुटली होती.

बोअरिंगचं पाणी सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी जनूचे पाय मडक्यासारखे झाले. बायजाबाईनं बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. श्वास घरघरायला लागला. शिवीसुद्धा निघेना. तिनं मिथुनला फोन लावला, मग मृणालीला. दोघांचेही फोन नुसते वाजत राहिले. मिथुनच्या प्लांटात फोन न्यायची परवानगी नव्हती, आणि मृणालीचा फोन गेटजवळच्या कपाटात कुलूपबंद असायचा. हे तिला माहीत होतं, तरी ती लावत राहिली. शेवटी काशीबाईलाच हाक मारली. काशीबाईच्या मुलाची, गणेशची, रिक्षा होती. त्यानं आणि दोघा शेजाऱ्यांनी जनूला चादरीत घालून उचलला. रिक्षा सुटताना काशीबाई दारात उभी होती आणि जमलेल्या बायांना सांगत होती, "घरात सून असती तर असा झाला नसता."

पेणच्या खाजगी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मीठ दिलंत का. बायजाबाईनं जनूच्या गळ्याची शपथ घेतली, एक कण दिला नाही म्हणून. लोणचं? पापड? सुकी मच्छी? नाही, नाही, नाही. डॉक्टर कागद बघून मान हलवत राहिले.

मृणाली साडेचारला पोचली. गेटवर फोन हातात आला तेव्हा तिला सतरा मिस्ड कॉल दिसले होते. तिनं सासऱ्यांकडे बघितलं, डॉक्टरांशी बोलली, आणि कपडे आणायला म्हणून घरी गेली. घरी काय झालं ते बायजाबाईनं पाहिलं नाही, पण तिला ते पुढं कितीदा तरी डोळ्यांसमोर दिसलं. मृणालीनं पिंपाचं झाकण काढलं असणार. मग चुलीवरच्या पातेल्यातली उरलेली पेज बोटावर घेतली असणार. तिचं तर कामच ते.

परत आली तेव्हा मिथुनही आला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो उभा होता. बायजाबाई दोन हातांच्या अंतरावर बाकावर बसली होती. मृणालीनं डॉक्टरांना गाठून हळू आवाजात सांगितलं आणि मग मिथुनला सांगितलं, बायजाबाईला ऐकू जाईल इतक्या जवळ:

"चूक माझी झाली. सकाळी घाईत मी पेजेचं पाणी बोअरिंगच्या हंड्यातून काढून ठेवत होते. चार दिवस. माझ्या लक्षातच आलं नाही."

मिथुननं भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाला, "मी आधीच सांगत होतो, घाई करू नको."

बायजाबाईनं तोंड उघडलं.  मृणालीनं तिच्याकडे एकदाच बघितलं, आणि ती नजर अशी होती, की गप्प राहा. बायजाबाई गप्प राहिली. त्या गप्प बसण्याचं तिला पुढं नवल वाटायचं. सुनेच्या भल्यासाठी म्हणावं, तर त्यात सुनेचं भलं कुठं होतं? आपली अब्रू राहिली, एवढंच.

जनू सहा दिवसांनी घरी आला. पाय उतरले होते, श्वास सुरळीत झाला होता. मृणाली बारा तारखेपासून कामावर गेली नव्हती. कंपनीतून फोन यायचे, ती अंगणात जाऊन बोलायची. वीस तारखेला जेवणं झाल्यावर मिथुन म्हणाला, आता काय ते एकदा लिहून दे, रोज रोज त्यांना उत्तरं देण्यापेक्षा. तेव्हा बायजाबाईला राहवलं नाही.

"पानी मी घातला," ती म्हणाली. "हिनं नाय. नलाला पानी आला तवा मला पोचता आला नाय. काशीकडे मागायचा नव्हता. बोअरिंगचा उकलला आणि घातला. मला खारा लागला नाय."

मिथुननं हातातला ग्लास खाली ठेवला. मृणाली ताटं गोळा करत होती, ती थांबली नाही. मिथुन म्हणाला, आणि रागानं नाही म्हणाला, थकल्यासारखा म्हणाला, "मग तर झालंच, आई. तुझ्या भरवशावर बाबांना ठेवायचं कसं?"

बायजाबाईला हे आधी सुचायला हवं होतं. खोटं राहिलं तर सून घरी बसणार होती, आणि खरं सांगितलं तरी सूनच घरी बसणार होती. कुठल्याही बाजूनं पाणी सोडा, ते त्याच खाचरात येत होतं.

"मग तू ऱ्हा," ती म्हणाली.

"काय?"

"तू ऱ्हा ना घरी. तुझा काम ठेक्याचा हाय, आज हाय उद्या नाय. तिचा कायमचा हाय."

मिथुननं आईकडे बघितलं आणि मग मृणालीकडे, जणू हे बोलणं मृणालीनंच आईला पढवून ठेवलं होतं. मृणालीचे कान लाल झाले. तो म्हणाला, "बाबांचं सगळं मी करू? पुसायचं, कपडे बदलायचे?"

"तुझा बाप हाय."

"मला नाय जमणार, आई. खरंच नाय जमणार. मला ओकारी येते."

हे त्यानं मान खाली घालून सांगितलं. मुलगा वाईट नव्हता. पगार आईच्या हातात देणारा, दारू न पिणारा, बायकोवर कधी आवाज न चढवणारा. बायजाबाईला त्याच्यावर ओरडताही येईना. तिच्या मनात एवढंच आलं, की मृणालीला ओकारी येते का, हे आजवर कुणी विचारलं नाही. तिनंही नाही.

"राहू द्या आई," मृणाली म्हणाली. "थोडे दिवस थांबते. बाबा जरा सावरले की बघू."

राजीनामा द्यायला मृणाली निघाली त्या दिवशी बायजाबाईनं हट्ट धरला, मी येणार. तिथल्या साहेबाला मी सांगणार, पोरीची चूक नाय म्हणून. मृणालीनं समजावलं, तिथं चुकीचा प्रश्नच नाही. पण म्हातारीनं लुगडं बदललं होतं. जनूजवळ मिथुन थांबला. दोघी पेणहून गाडीनं रोह्याला गेल्या आणि स्टेशनाहून रिक्षानं कंपनीच्या गेटवर. मृणालीचं माहेर वाटेवरच होतं. ती तिकडे बघितल्यासारखं न करता बसून राहिली.

साहेब नव्हता, मॅडम होती. प्रणिता नाव, मृणालीच्याच वयाची असेल, टेबलावर तिच्या लहान मुलाचा फोटो. तिनं बायजाबाईला खुर्ची दिली, पाणी मागवलं. बायजाबाईनं सगळं सांगितलं. नळाचं, जनूचं, बोअरिंगचं. सांगताना तिला वाटत होतं, एवढं खरं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, असं होय, मग ठीक आहे. मॅडमनं मधे एकदाही तोडलं नाही.

"आजी," ती शेवटी म्हणाली, "चूक कुणाची हे मी विचारतच नाही. हिच्यासारखं काम करणारं माणूस मला सोडायचं नाही. हिची जागा मी तीन महिने धरून ठेवली, त्यासाठी वर बोलणी खाल्ली. अजूनही धरते. उद्या ही बसमध्ये बसली तर घरी कोण असेल, एवढंच सांगा."

बायजाबाई विचार करायला लागली. मनात एकेकाला उभं केलं. मिथुन. काशीबाई. पेणची ती बाई. मग स्वतःला उभं केलं, गुडघ्यांसकट, जिभेसकट. मॅडम थांबली होती. पंखा फिरत होता. मृणालीसुद्धा सासूकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही होतं, की म्हातारीनं एक नाव घेतलं असतं, कुठलंही, तर तिनं ते खरं मानलं असतं.

"कोन नाय," बायजाबाई म्हणाली.

मृणालीनं पर्समधून कागद काढला. आधीच लिहून आणलेला होता. खाली तारीख घालायची राहिली होती, ती तिनं मॅडमचं पेन मागून घातली.

परतीची गाडी दुपारची होती, डबा जवळजवळ रिकामा. नागोठणं मागे पडलं. मग बायजाबाई म्हणाली, "मिथुनला आज रजा मिलाली?"

"हो."

"तूच मागायला सांगितलीस?"

"नाही. तोच म्हणाला. तू निवांत जाऊन ये, मी आहे बाबांजवळ."

बायजाबाईनं खिडकीबाहेर बघितलं. मग तिनं विचारलं, परत घेतील का कुठं. मृणालीनं सांगितलं, घेतात. दाखला पोस्टानं येणार आहे, त्यावर सहा वर्षांचं काम लिहिलेलं असेल. दोन वर्षांच्या आत गेलं तर त्याची किंमत राहते. त्यानंतर विचारतात, मधे काय करत होतात.

"मग काय सांगायचा?"

"घरी होते म्हणून सांगायचं."

दोन वर्षं. बायजाबाईनं ते मनात धरलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता धोका टळला, सुनेच्या हातची अशीच देखभाल राहिली तर आजोबांना दहा वर्षं काही होत नाही. तेव्हा तिनं डॉक्टरांना हात जोडले होते. पण जनू दहा वर्षं जगला, तर सुनेची ती दोन वर्षं कधीच उलटून जाणार होती. आता गाडीत बसल्या बसल्या तिच्या डोक्यात दहातून दोन गेले आणि उरले ते आकडे नव्हते. पन्नास वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, खांद्याला खांदा लावून पाट्या वाहिल्या त्या माणसाच्या मरणाची वाट, आणि तीही घाईघाईची, ठरल्या मुदतीत.

आपण काय मोजलं ते कळल्यावर ती दचकली. मृणालीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, दुखतंय का म्हणून. बायजाबाईनं तो हात बाजूला केला, दांडा धरून उठली आणि समोरच्या बाकावर, सुनेला तोंड दिसणार नाही अशा कोपऱ्यात जाऊन बसली.